मागच्या खोलीतल्या तारखा

१२ एप्रिल १९७२

सकाळी देवापुढे दिवा लावला आणि तो शांत व्हायच्या आत खोटं बोलले. म्हणून लिहून ठेवते. वही घरखर्चाची आहे, पण मागची पानं कोरी आहेत आणि ही वही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

चंद्रकलेला फाल्गुनात सतरावं लागलं. अजून तिला न्हाण आलेलं नाही. थोरल्या प्रेमलताला तेराव्या वर्षी आलं, मधलीला चौदाव्या, मला स्वतःला पंधराव्या. एकेकीला उशीर होतो, म्हणून मी वर्षभर गप्प होते. तीळगूळ झाला, कच्ची पपई झाली, ओव्याचं पाणी झालं. कोराडीच्या देवीला बोलले, पोरीला न्हाण येईपर्यंत गोड तोंडात घालणार नाही.

पण घरात वन्स आहेत. रुखमाबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण. विसाव्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आल्या, तेव्हापासून आमच्या घरचा माग त्यांच्याच जिवावर चालतो. विटाळ त्यांच्याइतका कडक आमच्या कोष्टीपुऱ्यात कोणी पाळत नाही. बाहेर बसलेल्या बाईची नुसती सावली मागावर पडली तर त्या धूप दाखवल्याशिवाय आडव्या सुताचा धोटा हातात घेत नाहीत. आज सुताच्या कांड्या भरता भरता म्हणाल्या, "इंदू, पोरीचं काही कमी तर नाही ना वं? जिजाबाईची नणंद अशीच राहिली होती. लोक तिले बाईत धरतच नव्हते. शेवटी विहिरीत सापडली."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही जी वन्स. सकाळीच बसली ते. तुमाले सांगालेच आली होती मी."

मग मागच्या खोलीत जाऊन चंद्रकलेला म्हणाले, चटई घे आणि चार दिवस इथंच बस.

"काहून? मले तर काही झालं नाही."

"बस म्हणते तर बस."

बसली.

१६ एप्रिल

पाचव्या दिवशी न्हाऊ घातलं. ओटी भरली. प्रेमलता कन्हानहून लेकराला घेऊन आली. गल्लीतल्या बायांनी गाणी म्हटली, त्यातली दोन ऐकवत नाहीत अशी. वन्सनी स्वतःच्या हातानं विणलेलं हिरवं लुगडं दिलं.

चंद्रकला पाटावर बसली होती, गालाला हळद, डोक्यात मोगरा. इतकी आनंदात तिला मी कधी पाहिली नव्हती. तिला ठाऊक आहे ना, हे सगळं नाटक आहे? मी कानाशी वाकून म्हणाले, "फार हासू नको."

"हासू दे ना वं आई," म्हणाली.

वन्सनी मला पेढा भरवायला हात पुढे केला. नवस फिटला ना आता, म्हणाल्या. पोट बिघडलं आहे म्हणून सांगितलं. दुसरं खोटं.

१० मे

अठ्ठावीस दिवस मोजून आज पुन्हा बसवली. मागच्या खोलीवर टिनाचं छत, दुपारी भिंतीला हात लावता येत नाही. मी ताट सरकवून देते, पाणी वरून घालते, सगळं रीतीप्रमाणे. वन्सची नजर असते.

एक कळत नाही. जुन्या धोतराच्या घड्या दिल्या होत्या, देखाव्यापुरत्या. ती त्या रोज धुते, परकराखाली लपवून वाळत घालते. मी म्हणाले, "कोण पाहून राहिलं तुले? पाणी काहून वाया घालवतेस?"

"मी पाहून राहिली ना," म्हणाली.

हिशोबी पोर आहे, माझ्यावर गेली. सोंग घ्यायचं तर पुरतं घेते.

१८ ऑगस्ट १९७३

बरेच दिवस वहीची ही बाजू उघडली नव्हती. तारखा तेवढ्या शेवटच्या पानावर टाकते. सण आला की तारीख चार दिवस इकडे तिकडे करते, म्हणजे पोरीचा सण बुडत नाही. देवानं तेवढं तरी पोटात घालावं.

आज चंद्रकला माग सोडून पोट धरून बसली. एकाच अंगाला, खाली, उजवीकडे. म्हणाली, असं दर महिन्याला होते, छातीही भरून येते. मी पान काढून पाहिलं. तिच्या बसायच्या तारखेला तर अजून अवकाश होता. वात असेल. बेंबीत हिंग घातला. तास-दोन तासांत उठून कामाला लागली.

उंची वाढली आहे. अंगानंही भरली आहे. पाहणाऱ्याला काय कमी दिसणार?

११ सप्टेंबर १९७४

वन्स आज ह्यांच्यासमोरच म्हणाल्या, "हिचे दिवस मोठे शहाणे हायेत बाई. नागपंचमी नाही, पोळा नाही, महालक्ष्म्या नाही. सणाले कधी आडवे येतच नाही. आमचे तर नेमके नैवेद्याच्याच दिवशी येत होते."

हे चहा पीत होते. ह्यांना यातलं काही माहीत नाही, विणकर सोसायटीतून येतात, पेपर वाचतात, झोपतात. पण वन्स हसत बोलल्या की पारखून, ते ओळखू येईना.

२२ सप्टेंबर

आज महालक्ष्म्या बसवल्या. सकाळी मी चंद्रकलेला मागच्या खोलीत पाठवलं.

हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. आमच्या महालक्ष्म्यांना लुगडी नेसवण्याचं काम गेली सात वर्षं तिचं आहे. निऱ्या अशा काढते की मुखवटे ठेवल्यावर उभ्या बायाच वाटतात. यंदा धाकटीचं लुगडं तिनं स्वतः विणलं. किनारीत तीन महिने गेले. ते लुगडं हातात घेऊनच माझ्याकडे आली होती, नेसवू का विचारायला.

मी म्हणाले, "यंदा तुझी तारीख आहे."

"ह्या दिवशी?"

"एखाद्या वेळी यालाच पाहिजे. नाही तर लोकाले खरं वाटत नाही."

तिनं लुगडं घडीवर घडी करून माझ्या हातात दिलं. लुगडी मीच नेसवली. धाकटीच्या निऱ्या डावीकडे ओढल्या गेल्या.

२३ सप्टेंबर

सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं रीतसर झालं. आरतीला पंचवीस माणसं होती. मी ताम्हण धरलं तेव्हा मागच्या खोलीतून तिचा आवाज आला, ती दाराआड सगळ्यांबरोबर आरती म्हणत होती. वन्स ओरडल्या, "बसलेल्या बाईनं म्हणू नये वं पोरी." आवाज थांबला.

देवी, ती शुद्ध होती. घरात तिच्याइतकं शुद्ध त्या वेळी कोणी नव्हतं. तुला तर दिसत होतं.

१९ नोव्हेंबर

उमरेडच्या नानाजींकडून विचारणा आली. त्यांचा मुलगा जागेश्वर, हिंगण्याच्या कारखान्यात फिटर. वन्सना घर पसंत आहे, ह्यांनाही. एकोणिसावं संपून विसावं लागेल आता, नाही म्हणायला कारण नाही.

मी ह्यांना सांगितलं, पोरीला पोटाचं दुखणं आहे, बाईडॉक्टरला दाखवून आणते. हे म्हणाले, "दाखव ना." अडीच वर्षांत मी एवढं एक वाक्य बोलू शकले नव्हते.

२५ नोव्हेंबर

सीताबर्डीला चारुशीलाबाई डॉक्टर आहेत. आधी त्यांनी चंद्रकलेला आत नेऊन तपासलं. मग आम्हा दोघींना समोर बसवलं आणि एक कागद ओढला.

"तुम्हाला आतलं किती ठाऊक आहे?"

मी म्हणाले, मॅट्रिक झाले आहे, पुस्तकात हृदय होतं, फुप्फुसं होती, हे नव्हतं. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी उलटा पेरू काढला. म्हणाल्या, "ही पिशवी, गर्भाशय. एरवी मुठीपेक्षाही लहान असते, मूल वाढतं तशी वाढते. हे खालचं निमुळतं, ते तिचं तोंड. तिथून बाहेर येणारी ही वाट, योनी. आता वर पाहा. दोन बाजूंना दोन नळ्या, आत तर दोराच जाईल एवढ्या बारीक. टोकाला झालर. झालरीजवळ हे दोन बीजकोश, सोललेल्या बदामाएवढे. महिन्याला एक बीज पिकतं. झालर ते टिपून घेते, नळीतून ते पिशवीत येतं. पिशवीनं त्याच्यासाठी आतून मऊ अस्तर करून ठेवलेलं असतं. गर्भ राहिला नाही की ते अस्तर सुटतं. तुम्ही ज्याला विटाळ म्हणता ते हे."

चंद्रकला म्हणाली, "म्हणजे ते घाण नसते?"

"घाण कशाची? बाळाचं अंथरूण. बाळ आलं नाही म्हणून काढलं."

मग त्यांनी खाली तीन टिंबं काढली. पुढचं लघवीचं, मागचं शौचाचं, मधलं हे. मी विचारलं, लघवीचं वेगळं असतं? तीन बाळंतपणं झाली माझी. मला आजवर वाटत होतं, दोन्हीची वाट एकच. बाई म्हणाल्या, "लाजू नका, पुष्कळजणींना असंच वाटतं." मी तरी मान वर केली नाही. जे अंग घेऊन बेचाळीस वर्षं वावरले त्याचा नकाशा आज पाहिला.

मोठ्या दवाखान्यात दाखल करून नीट पाहावं लागेल म्हणाल्या. मधली वाट त्यांना पुढे लागत नाही.

१४ डिसेंबर

भूल देऊन तपासलं. बेंबीखाली लहानसा छेद घेऊन आत पाहिलं. आज टाके निघाले आणि चारुशीलाबाईंनी तोच कागद पुढे ठेवला. पेन्सिलीनं पिशवीवर काट मारली. खालच्या वाटेवर मारली. नळ्यांची नुसती टोकं ठेवली. दोन्ही बदामांना हात लावला नाही.

"हे दोन जागच्या जागी आहेत, निरोगी आहेत. म्हणूनच अंगानं ती अशी छान वाढली. बाकीचं तुमच्या पोटात ती घडत असतानाच राहून गेलं. यात तुमचा दोष नाही, तिचा तर नाहीच. ऑपरेशननं वाट करता येते, संसार करता येतो. मूल मात्र होणार नाही."

मी विचारलं, "पण पोरगीच आहे ना ते?"

बाई माझ्यावर रागावल्या. "पूर्ण पोरगी आहे. हा प्रश्न तिच्यासमोर पुन्हा विचारू नका."

चंद्रकला कागदाकडे पाहत होती. म्हणाली, "मग मले दर महिन्याला एका अंगाला दुखते ते?"

"ते तुझं बीज. तुझा महिना तुला आहे. फक्त बाहेर दिसत नाही."

"पिशवी नाही तर ते जाते कुठं?"

"पोटातल्या पोटात विरून जातं."

ती "बरं" म्हणाली.

हे बाहेर बाकावर बसले होते, मांडीवर डबा. मी सगळं सांगितलं, सोंगासकट. हे कितीतरी वेळ डब्याची कडी उघडत होते आणि लावत होते. मग आत डोकावून म्हणाले, "चंदा, चालता येते का गा तुले? हळू चाल." 'गा' पोराला म्हणतात, पण पोरींनाही लहानपणी ते 'गा'च म्हणत.

२० डिसेंबर

ती पोटात असताना ग्रहण होतं का, पंचांग काढून पाहिलं. नव्हतं. पपई खाल्ली नव्हती. कोणाचा तळतळाट घेतला नव्हता. मागावर मात्र बसत होते सातव्या महिन्यापर्यंत, पोटाला लाकूड लागायचं. पण मागावर तर सगळ्याच बसतात.

५ जानेवारी १९७५

उमरेडचे लोक पाहून गेले. पसंत आहे म्हणाले.

मी ठरवलं आहे, सांगायचं नाही. मूल न होणाऱ्या बाया काय कमी आहेत जगात? लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं तर नशीब म्हणतील. आधी कळलं तर पोरगी जन्मभर मागच्या खोलीत.

म्हणून आज एक काम केलं. बारा महिन्यांच्या तारखा स्वच्छ अक्षरात एका कागदावर उतरवल्या, सासरी कधी कधी बसायचं त्या. या वेळी सण टाळले नाहीत, दोन घातलेसुद्धा. चंद्रकलेला दिला. म्हणाले, पोलक्याच्या घडीत ठेव.

तिनं सगळा वाचला. "एकाच वर्षाच्या लिहिल्या? मग पुढं?"

"पुढं देवी पाहील."

"तुझ्या अक्षरात किती सुंदर दिसून राहिल्या," म्हणाली. मला बरं वाटलं.

२ फेब्रुवारी

जागेश्वर एकटाच आला होता, सुपारी फोडायची तारीख विचारायला. तरणा मुलगा, तेलाचे काळे व्रण हातावरून जात नाहीत, लाजून हात मांडीखाली घेतो. वन्सनीच म्हटलं, आमचा माग दाखव वं त्यांना. दोघं मागाच्या खोलीत पाऊण तास होते. खटखट आवाज आधी येत होता, मग थांबला.

तो बाहेर आला तेव्हा चेहरा उतरला होता. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. जाताना चंद्रकलेकडे पाहून हात जोडले. बाईमाणसाला, तेही ठरलेल्या बायकोला, हात कोण जोडतं?

मी तिला विचारलं, काय बोलली त्याच्याशी.

"तो कागद दाखवला. डॉक्टरीणबाईचा."

मी तिला मारलं. एकोणीस वर्षांच्या पोरीला. तिनं हात आडवा केला नाही.

१० फेब्रुवारी

नानाजींचं पत्र आलं. मुलाच्या म्हणण्यावरून पत्रिका पाहिल्या, जुळत नाहीत, राग नसावा, मुलगी सोन्यासारखी आहे. पत्रिका त्यांनी कधी मागितलीच नव्हती. सगळं कळूनही खोट्या पत्रिकेचं निमित्त. असे खोटारडे लोक. बरं झालं, अशा घरी पोर गेली नाही.

आठ दिवसांत बाहेर कुठे काही बोभाटा मात्र ऐकला नाही. का कोण जाणे.

२ मार्च

आज तिची तारीख होती. ती उठून सरळ मागावर बसली. वन्स म्हणाल्या, "काहून वं, मागाले शिवून राहिली? आज तुझा पहिला दिवस ना?"

"मले दिवस नाही, आत्या. कधीच नव्हते."

आणि सगळं सांगून टाकलं, न रडता, धोटा चालूच. मी चुलीपुढे बसून होते. वाटलं, आता वन्स घर डोक्यावर घेतील.

वन्सनी हातातली कांडी खाली ठेवली. मग माझ्यापाशी आल्या. "मले सांगतलं असतं तर मी खाऊन टाकली असती का वं तिले? त्या जिजाबाईच्या नणंदेची गोष्ट मी भेवाडाले नव्हती सांगतली. मैत्रीण होती ते माझी."

मग म्हणाल्या, "महालक्ष्म्यांत मी तिले आरती म्हणू नाही दिली." एवढंच बोलून अंगणात गेल्या, जेवायला आल्या नाहीत.

१३ सप्टेंबर

आज महालक्ष्म्यांचं जेवण. काल बसवल्या. वन्स काल पहाटे न्हाऊन चंद्रकलेकडे गेल्या आणि म्हणाल्या, "चाल पोरी, दोघींलेही तूच नेसव." तिनं नेसवली. निऱ्या पाहून वन्स पदराआड रडल्या. मला वाटलं, फिटलं.

आज बारा वाजता पानं मांडली, माणसं जमली, आणि चंद्रकला कुठे दिसेना. मागच्या खोलीत होती. चटई टाकून, भिंतीकडे तोंड करून. त्या खोलीत ती मार्चपासून बसली नव्हती.

मी दारातून म्हणाले, "अवं, आरतीची वेळ झाली. इथं काहून?"

"बसली आहो आज."

"कशाची बसली? आता कोणाले दाखवाचं आहे? त्या तारखा संपल्या सगळ्या."

"तुझ्या संपल्या, आई."

मग तिनं सांगितलं. मागाच्या खांबाला, तिच्या बसायच्या बाजूला, खाली पाहा म्हणाली. मी जाऊन पाहिलं. पेन्सिलीच्या रेघा होत्या, दवाखान्यातून आल्यापासूनच्या. प्रत्येकीपुढे तारीख, आणि कुठे 'डा', कुठे 'उ'. दहा होत्या. दहावी आजची. अठ्ठावीस दिवसांनी एकही नव्हती, कधी एकतीस, कधी तीस. माझ्या वहीतल्या एकाही तारखेशी जुळत नव्हती.

परत आले तर म्हणाली, "ते येते आणि त्याले जागा नसते ना. तिथंच विरून जाते. त्याचं कोणी काहीच करत नाही. म्हणून मी एक दिवस बसते. आजवर मागावर बसल्या बसल्याच बसत होती. आज घरात इतके लोक, इतकी गाणी. मले नाही जमलं."

बाहेर वन्सनी विचारलं, "इंदू, आरती सुरू करू का?" मी म्हणाले, करा. आणि उंबरा ओलांडून आत गेले. नेसूचं सोवळं होतं. चटईवर तिच्या शेजारी बसले.

"शिवू नको वं, तुले नैवेद्य दाखवाचा आहे."

"वन्स दाखवतील."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. इतक्या वर्षांत दुखतं म्हणाली तेव्हा हिंग दिला, पण हात ठेवला नव्हता. "इथं?"

"थोडं खाली."

आरती झाली तोवर तसाच ठेवला. तिनं आरती म्हटली नाही. मीही नाही.

संध्याकाळी वहीचं शेवटचं पान काढलं. एकोणचाळीस तारखा होत्या माझ्या, सगळ्यांवर एक रेघ मारली. खांबावरच्या दहा तारखा पाहून पाहून खाली उतरवल्या. शेवटी लिहिलं, १३ सप्टेंबर, डावीकडे.